आपल्या हवेचा नियम आपण लिहावा : घरातला उकाडा, ओल आणि मुक्त हार्डवेअर (प्रस्तावना)

घर गार किंवा उबदार कसे ठेवावे यावर जगात जेवढे लिहिले गेले, त्यातले बहुतेक थंड देशांतल्या माणसांनी स्वतःच्या घरांसाठी लिहिले. तिथे भिंतीवर थर्मोस्टॅट असतो, तळघरात भट्टी किंवा बॉयलर असतो आणि एकाने दुसऱ्याला हुकूम द्यायचा, एवढाच नियंत्रणाचा अर्थ असतो. निडीच्या वाचकाने असे पुस्तक हाती घेतले तर हा विषय आपला नव्हे असे त्याला पहिल्या काही पानांतच वाटेल. रायगड जिल्ह्यातल्या नागोठणे आणि रोहा यांच्यामधल्या या लहानशा स्थानकावर मे महिन्याच्या दुपारी गाडीची वाट पाहणाऱ्याला भट्टीशी काय देणेघेणे? त्याचे प्रश्न वेगळे आहेत. अंगाला चिकटलेला सदरा वाळत का नाही? रात्रभर पंखा फिरूनही झोप का लागत नाही? जुलैत कपाटातल्या चपलांवर बुरशी कशी चढते? ही प्रस्तावना तिथून सुरू होते. तिचे म्हणणे एकच आहे : यंत्र कोणाचेही असो, ते कधी चालावे आणि कधी थांबावे हा नियम आपल्या हवेला धरून लिहिलेला हवा, आणि मुक्त हार्डवेअरमुळे तो आता आपल्याला लिहिता येतो.

या क्षेत्राची मांडणी समजायला सोपी आहे. त्यात तीन कामे असतात : मोजणे, ठरवणे आणि करणे. मोजायला तापमान आणि आर्द्रता सांगणारा नखाएवढा सेन्सर. ठरवायला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सेन्सरचे आकडे वाचून लिहून दिलेला नियम सतत तपासत राहणारी चिप. आणि करायला रिले, कॉन्टॅक्टर किंवा इन्फ्रारेड एलईडी, ज्यांच्यामार्फत पंखा, गीझर, एक्झॉस्ट किंवा एसी चालू-बंद होतो. दुकानातल्या तयार ‘स्मार्ट’ एसीतही हीच तीन कामे चालतात. पण ठरवण्याचे मधले काम तिथे कंपनीने आपल्याकडे ठेवलेले असते. नियम काय आहे ते ग्राहकाला दिसत नाही, आणि दिसला तरी बदलता येत नाही. मुक्त हार्डवेअरमध्ये सर्किटचा आराखडा, लागणाऱ्या भागांची यादी आणि चिपमध्ये भरायचा प्रोग्राम हे सगळे जाहीर असते. ते कोणीही अभ्यासावे, बदलावे, बनवावे, हवे तर विकावेही. एक बारकावा मात्र आधीच सांगितलेला बरा. ईएसपी३२ सारख्या चिपचे अंतरंग तिच्या कंपनीचेच असते. मुक्त असतात ते तिच्याभोवतीचे अनेक बोर्ड, जोडण्या आणि प्रोग्राम. व्यवहारात तेवढे पुरते, कारण आपल्याला हवा असलेला नियम प्रोग्राममध्येच असतो.

आपोआप तापमान राखायची कल्पना जुनी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराने अंडी उबवायच्या भट्टीला स्वतःहून उघडझाप करणारी झडप बसवली. अमेरिकेत वॉरन जॉन्सन या शिक्षकाने १८८३ मध्ये विजेवर चालणाऱ्या खोलीतल्या थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले. तोवर वर्गात थंडी किती आहे हे पाहायला शिपायाला आत यावे लागे. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे नियम घडवायचे काम कारखान्यांकडेच राहिले. ते घरात आले २००५ नंतर. त्या वर्षी इटलीतल्या इव्रेया गावच्या डिझाइन संस्थेतून आर्डुइनो हा स्वस्त, आराखड्यासकट खुला असलेला बोर्ड निघाला. २०१२ मध्ये ब्रिटनमधून रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आला. २०१४ च्या सुमारास शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही वायफाय असलेली चिप बाजारात आली, तिच्यामागून २०१६ मध्ये ईएसपी३२, आणि वायरलेस नियंत्रणाची किंमत काही शे रुपयांवर उतरली. प्रोग्रामांच्या बाजूला २०१० मध्ये ओपनहॅब आणि २०१३ मध्ये होम असिस्टंट या घरातली सगळी यंत्रे एकत्र चालवणाऱ्या प्रणाली सुरू झाल्या. ईएसपीहोम आणि टास्मोटा या प्रोग्रामांनी छोट्या चिपना घराच्या अशा मध्यवर्ती प्रणालीशी जोडून दिले. निरोपांची देवाणघेवाण करणारी एमक्यूटीटी ही पद्धत तर १९९९ मध्ये दूरवरच्या तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी बेतली होती. रेंज कमी, निरोप छोटा आणि खर्च अगदी थोडा, या तिच्या तीन अटी कोकणातल्या घरालाही लागू पडतात.

महाराष्ट्राला हे नवखे नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. ग्रामीण मुलांनी हाताने काम करत विज्ञान शिकावे, हे त्यामागचे सूत्र. २००२ मध्ये एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. गावाला लागणारे उपकरण गावातच बनावे, त्याचा आराखडा गावाला कळावा, हा विचार ‘स्मार्ट होम’ हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधी पाबळला रुजला होता.

दुसरे उदाहरण तर थेट उष्णता-नियंत्रणाचेच आहे, आणि ते जवळून पाहण्यासारखे आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या गटाने ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम’ नावाचे टेबलावर मावणारे उपकरण तयार केले. त्यात धातूची एक पातळ पट्टी आहे. तिच्याजवळ नायक्रोमची तापणारी तार, पट्टीला टेकलेला तापमानाचा सेन्सर, शेजारी संगणकात असतो तसा छोटा पंखा आणि या सगळ्यांना हुकूम देणारा मायक्रोकंट्रोलर. विद्यार्थी सायलॅब या मुक्त प्रणालीतून तारेला किती वीज द्यायची आणि पंखा किती जोरात फिरवायचा हे ठरवतो. इंटरनेटवरून दूरच्या कॉलेजात बसूनही हा प्रयोग करता यावा अशी सोय त्या गटाने केली. पहिल्याच प्रयोगात एक गोष्ट लक्षात येते. वीज वाढवली की तापमान लगेच चढत नाही, आणि वीज बंद केली तरी ते थोडा वेळ चढतच राहते. हुकूम आणि परिणाम यांच्यामध्ये वेळ जातो. तो ओळखल्याशिवाय लिहिलेला नियम पट्टीला कधी जास्त तापवतो, कधी जास्त निववतो. पट्टीच्या जागी स्लॅबचे घर आणि पंख्याच्या जागी एसी ठेवला तरी गणित तेच राहते. सेकंदांच्या जागी तास येतात, एवढेच.

तिसरे नाव पुण्याच्या प्रयास संस्थेच्या ऊर्जा गटाचे. विजेचा पुरवठा प्रत्यक्षात कसा असतो हे कळावे म्हणून या गटाने देशभरातल्या निवडक घरांत आणि दुकानांत छोटी यंत्रे बसवून मिनिटागणिक व्होल्टेजची नोंद ठेवली. ‘आमच्याकडे लाइट फार जाते’ ही तक्रार त्यातून आकड्यांत आली. आधी मोजा, मग बोला ही शिस्त या क्षेत्राला प्रयासच्या कामातून घेता येते.

आता हवेकडे वळू. उकाडा केवळ तापमानाने ठरत नाही. शरीर घामाने निवते, आणि घाम वाळायला हवेत जागा लागते. ती जागा मोजायची जुनी रीत सोपी आहे : थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घालायचा. पाणी उडताना पारा जिथवर उतरतो, तिथवरच नुसत्या बाष्पीभवनाने हवा गार करता येते. नागपुरात मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हे ओले तापमान सुमारे २३ अंश भरते. म्हणजे कूलरला खाली यायला तब्बल वीसेक अंशांची वाट मोकळी असते. कोकणपट्टीत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ओले तापमान सुमारे २९ अंश. वाट उरली पाचच अंशांची, आणि ती चालताना खोली आणखी दमट होणार. विदर्भातून बदली होऊन आलेला माणूस हौसेने कूलर घेऊन येतो आणि आठवडाभरात तो पडवीत ठेवून देतो, त्याचे कारण हेच.

रायगडची हवा एकाच सुरात राहत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या भिरा इथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश तापमान नोंदले गेले. त्या आठवड्यात देशभर या गावाचे नाव गाजले. एरवी समुद्रावरून येणारी हवा तापमान आटोक्यात ठेवते, पण ओल भरते. जमिनीकडून वारा सुटला की काही दिवस कोरडी भाजणारी झळ, आणि वारा फिरला की पुन्हा घामाच्या धारा. पुस्तकात दिलेला एकच ठरावीक आकडा या दोन्ही प्रकारच्या दिवसांना पुरणार नाही. उष्णतेचा प्रश्न केवळ सुखसोयीचा आहे असेही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरच्या समारंभानंतर उष्माघाताने १४ जण दगावले, हे याच जिल्ह्यात घडले.

मग घरात किती अंश हवेत? या प्रश्नाला आपल्या देशात दोन उत्तरे आहेत. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना २४ अंशांवर लागतो. दुसरे उत्तर अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या अभ्यासकांनी भारतीय कार्यालयांत प्रत्यक्ष माणसांना विचारून काढले. खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या इमारतींसाठी त्यांचे सूत्र असे : बाहेरच्या महिनाभराच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणा आणि १२.८३ मिळवा. सरासरी ३० अंश असेल तर उत्तर येते २९. म्हणजे उन्हाळ्याला सरावलेल्या माणसाला २९ अंशांतही बरे वाटू शकते. हा अभ्यास कार्यालयांचा होता, घरातल्या झोपेचा नव्हे. आर्द्रताही या सूत्रात थेट येत नाही. तरी सुरुवातीचा आकडा म्हणून तो २४ पेक्षा आपल्याला जवळचा आहे. त्यात वाऱ्याची भर घाला. अंगावरून सेकंदाला मीटरभर वेगाने वारा वाहिला तर हवा दोन-तीन अंशांनी गार भासते. म्हणून निडीच्या घराचा पहिला नियम असा निघतो : आधी पंखा, तेवढ्याने भागले नाही तर एसी, तोही २७-२८ वर आणि पंखा चालू ठेवून. जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो, कमी वीज घेणारा नवा बीएलडीसी पंखा तीसेक वॉट, आणि दीड टनाचा एसी भर जोरात असताना दीड हजार वॉटच्या आसपास. नियमाचा क्रम का महत्त्वाचा हे एवढ्यावरून कळावे.

पावसाळ्याचा नियम आणखी मजेशीर आहे. जुलैतली रात्र घ्या. घरात २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता, बाहेर २४ अंश आणि ९५ टक्के. खिडकी उघडावी की नाही? टक्के पाहून कोणीही नको म्हणेल. पण टक्के हे त्या त्या तापमानाच्या मानाने असतात. गार हवेत पाणी मुळातच कमी मावते. हिशोब केला तर घरातल्या घनमीटर हवेत सुमारे २२ ग्रॅम वाफ निघते, बाहेरच्या हवेत सुमारे २१. बाहेरची हवा जास्त ओली वाटत असली तरी ती आत घेतल्याने घर थोडे कोरडेच होईल, शिवाय गारही. दुपारी पाऊस उघडून ऊन पडले की हेच गणित उलटते. एक सेन्सर आत, एक बाहेर ओसरीच्या आडोशाला, आणि दोन्हींच्या आकड्यांतून प्रत्यक्ष वाफ काढून एक्झॉस्ट चालवणारा पाच-सहा ओळींचा प्रोग्राम : कपाटातली बुरशी आटोक्यात ठेवायला हा नियम महागड्या यंत्राआधी करून पाहण्यासारखा आहे. तयार एसीच्या रिमोटवर असे बटण नसते, कारण बाहेरची हवा कशी आहे हे त्या रिमोटला ठाऊकच नसते.

घराच्या बांधणीचाही विचार नियमात हवा. उंच आढे, ओटी-पडवी आणि शेणाने सारवलेले माजघर असलेले कौलारू घर दुपारी तापते आणि संध्याकाळी लवकर निवते. स्लॅबचे घर दिवसभर ऊन पिऊन घेते आणि ते रात्री उशिरापर्यंत खोलीत सोडत राहते. म्हणून कौलारू घरात एक्झॉस्टची खरी वेळ दुपारची, आढ्याखाली साठलेली गरम हवा काढायची. स्लॅबच्या घरात ती सूर्यास्तानंतरची, बाहेर आतल्यापेक्षा गार झाले की. सेन्सर टीव्हीच्या वर, चुलीच्या जवळ किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर ठोकला तर तो माणसाची नव्हे, भिंतीची बातमी देईल. बसल्यावर डोके जिथे येते त्या उंचीवर, वारा खेळता असलेल्या आतल्या भिंतीवर तो बसवावा.

तापवण्याचे काय? आपल्याकडे खोली तापवावी लागत नाही, पण ऊब लागतच नाही असे नाही. बंबाची जागा गीझरने घेतली आणि तो तासन्‌तास विसरून चालू राहू लागला. इथे नियम सोपा : ठरल्या वेळी सुरू, ठरल्या तापमानाला बंद. त्याहून मोलाचे उदाहरण पेणचे. पेण, हमरापूर, जोहे या भागात गणेशमूर्तींचे कारखाने आहेत, आणि कामाची घाई येते ती नेमकी भर पावसाच्या दिवसांत. शाडूची मूर्ती अशा हवेत लवकर वाळत नाही. घाईने जोराची ऊब दिली तर बाहेरचा थर आधी आकसतो आणि मूर्तीला तडा जातो. तिथे हवे असते ते सावकाश, सगळीकडून सारखे वाळणे : थोडी ऊब, मंद वारा, आणि आर्द्रता तासागणिक हळूहळू उतरवणारा नियम. पोह्याच्या पापडांना आणि भाताच्या बियाण्यालाही वेगळ्या आकड्यांनी हेच लागते. घरातल्या सोयीसाठी शिकलेली विद्या अशी व्यवसायाच्या कामी येते.

मोजमापावर सगळी इमारत उभी असल्यामुळे सेन्सर पारखून घ्यायला हवा. डीएचटी११ हा सर्वांत स्वस्त सेन्सर तापमानात दोन अंश आणि आर्द्रतेत पाच टक्के इकडेतिकडे जाऊ शकतो. वर केलेल्या बावीस-एकवीस ग्रॅमच्या हिशोबाला तो कुचकामी. एसएचटी३१ सारखा सेन्सर थोडा महाग पडतो, पण तापमानात पाव अंशाच्या आणि आर्द्रतेत दोन टक्क्यांच्या आसपास अचूक असतो. मात्र सतत दमट हवेत राहून चांगला सेन्सरही बहकतो. तो तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पेणच्या खारेपाटाला जन्मापासून ओळखीचे असलेले मीठ पुरते. बाटलीच्या झाकणात चमचाभर जाडे मीठ घ्या. त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखा लगदा करा. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. ते झाकण आणि सेन्सर, एकमेकांना न लागता, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा आणि डबा सावलीत रात्रभर राहू द्या. अशा मिठावरची हवा खोलीच्या तापमानाला ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. सेन्सर ८१ दाखवत असेल तर तो सहा टक्के पुढे आहे. प्रोग्राममध्ये तेवढे वजा करा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर ही तपासणी करायची सवय लावावी.

ठरवण्याच्या कामातही काही जुनी पथ्ये आहेत. २८ अंशांच्या वर चालू आणि २८ च्या खाली बंद असा नियम लिहिला तर यंत्र मिनिटाला चारदा चालू-बंद होईल. म्हणून दोन आकडे ठेवतात : २९ ला चालू, २७.५ ला बंद. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर किमान तीन मिनिटे तो पुन्हा सुरू करायचा नाही. त्याची वीज रिलेने अधेमधे तोडायची नाही. त्याला त्याच्या रिमोटच्या भाषेत सांगायचे. एसीचा रिमोट टीव्हीच्या रिमोटपेक्षा वेगळा असतो. प्रत्येक वेळी बटण दाबले की तापमान, पद्धत आणि पंख्याचा वेग असा पूर्ण हुकूम तो साधारण ३८ किलोहर्ट्झच्या इन्फ्रारेड स्पंदांतून पाठवतो. अनेक कंपन्यांच्या या भाषा जगभरच्या हौशी लोकांनी उकलून खुल्या केल्या आहेत. ईएसपी चिप आणि एक एलईडी यांवर त्या बोलता येतात. अडचण एवढीच की हा संवाद एकतर्फी आहे. एसीने ऐकले की नाही हे कळत नाही. मध्ये पडदा आला तर हुकूम वाया जातो आणि प्रोग्राम मात्र एसी चालू आहे अशा समजुतीत राहतो. म्हणून एसीच्या तोंडाशी एक छोटा तापमानाचा सेन्सर लावावा. पाच मिनिटांत तिथली हवा गार झाली नाही तर हुकूम पुन्हा पाठवावा.

आपल्याकडच्या विजेचा विचार न करता लिहिलेला प्रोग्राम पहिल्याच वादळात कोलमडतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. त्यानंतर रायगडातली कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. मोबाइलचे टॉवर बंद, इंटरनेट बंद. अशा वेळी परदेशातल्या सर्व्हरला विचारून पंखा लावणारी प्रणाली काय कामाची? म्हणून पहिले तत्त्व : नियम घरातच राहावा, इंटरनेट असो वा नसो. दुसरे : लाइट आल्यावर सगळी यंत्रे एकदम सुरू होऊ नयेत, व्होल्टेज स्थिर होईपर्यंत थांबून एकेक सुरू व्हावे. तिसरे : चिप बंद पडली तरी भिंतीवरचे बटण चालले पाहिजे. घरातल्या आजीला मोबाइल न उघडता पंखा लावता आला नाही तर ती प्रणाली नापास. कंपनीच्या सर्व्हरवर विसंबण्याचा धोका वादळापुरताच नाही. थर्मोस्टॅट बनवणाऱ्या नेस्टने २०१४ मध्ये घरातली यंत्रे जोडणारे उपकरण विकणारी रिव्हॉल्व्ह ही कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये तिची सेवा थांबवली; लोकांनी पैसे मोजून घेतलेली यंत्रे घरात असूनही निकामी झाली. आराखडा आणि प्रोग्राम आपल्या हाती असतील तर बनवणारा दुकान बंद करून गेला तरी यंत्र चालू राहते.

सुरक्षेबाबत कोणतीही सवलत नाही. पाच व्होल्टच्या बाजूला चूक झाली तर चिप जळते. २३० व्होल्टच्या बाजूला झाली तर माणूस जातो. दोन किलोवॉटचा गीझर सुमारे नऊ अँपियर ओढतो. त्याला ‘१० अँपियर’ छापलेला स्वस्त रिले लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. तिथे पुरेशा क्षमतेचा कॉन्टॅक्टरच हवा. गीझरचा मूळचा थर्मोस्टॅट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही काढू नये. आर्थिंग आणि धोका दिसताच वीज आपोआप तोडणारे एमसीबी व आरसीसीबी नसलेल्या घरात आधी त्यांची सोय करावी, मग स्मार्टपणाची. मेन्सची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. दमट हवेत रिलेचे संपर्क आणि बोर्डाचे टाके लवकर गंजतात, म्हणून बोर्ड बंद पेटीत ठेवावा आणि पेटी दर मोसमात उघडून पाहावी.

या विद्येच्या मर्यादाही नव्या अभ्यासकाने आरंभीच जाणून घ्याव्यात. तापलेल्या स्लॅबवर पांढरा रंग, पश्चिमेच्या खिडकीवर पुढे आलेली छपरी आणि एक चांगला पंखा यांचा परिणाम बहुतेक घरांत कुठल्याही चिपपेक्षा जास्त होतो. नियंत्रण हे चांगल्या बांधणीला पूरक आहे, तिची जागा घेणारे नाही. शिवाय तापमानाच्या नोंदी वाटतात तितक्या निरुपद्रवी नसतात. एसी कधी लागतो, गीझर कधी तापतो, यावरून घरात कोण केव्हा असते हे परक्यालाही कळू शकते. त्या नोंदी घरातच ठेवाव्यात, आणि इतरांना द्यायच्या तर विचार करून द्याव्यात.

तरीही त्या देण्यासारख्या आहेत, आणि वाचकाला आवाहन करायचे ते याचसाठी. निडी, कासू, नागोठणे, रोहा या पट्ट्यातल्या घरांत आतली हवा वर्षभर कशी असते, कौलाखाली किती आणि स्लॅबखाली किती, हे धरून उपयोगी नियम लिहायला इथलेच आकडे लागतील. ते दुसरीकडून येणार नाहीत. हे काम शाळेच्या विज्ञान मंडळाला, आयटीआयच्या विद्यार्थ्यांना, गावच्या वायरमनला आणि निवृत्त शिक्षकाला झेपणारे आहे. आर्डुइनोसारख्या विषयांचे पाठ आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात आहेत, आणि त्या प्रकल्पाचे बरेच पाठ मराठीतही ऐकता येतात. भाषेची भीती बाळगायचे कारण नाही. सुरुवात रिलेने किंवा एसीने करू नका. एक चांगला सेन्सर घ्या, मिठाच्या डब्यात पारखा, आतल्या भिंतीवर लावा आणि एक उन्हाळा, एक पावसाळा नुसते मोजा. नियम त्यानंतर लिहा, आणि लिहिला की शेजाऱ्याला उघडून दाखवा.